कुत्रा, छर्रा आणि रामघाट

रामघाटावर चुंबक घेऊन बसणारी पोरं ज्यांनी पाहिली नाहीत, त्यांनी उज्जैन पाहिलं असं मी म्हणणार नाही. जुन्या स्पीकरमधून काढलेलं गोल लोहचुंबक, त्याच्या भोकातून ओवलेली सुतळी आणि बगळ्याची नजर, एवढंच त्यांचं भांडवल. यात्रेकरू डोळे मिटून, हात जोडून क्षिप्रेत नाणं सोडतो. त्याचं पुण्य चित्रगुप्ताच्या वहीत चढायच्या आत नाणं चुंबकाला चिकटून वर आलेलं असतं. या पोरांचं धातुशास्त्र पक्कं आहे. एक-दोनचं स्टीलचं नाणं चिकटतं, सोनेरी पाचाचं चिकटत नाही, जुनं तांबं-निकेलचं तर मुळीच नाही. त्यामुळे पाच रुपये टाकणाऱ्या दानशूर माणसाकडे ती ज्या तुच्छतेने बघतात, ते बघण्यासारखं असतं.

गेल्या हिवाळ्यात मामांकडे गेलो होतो तेव्हा सकाळचा चहा पीत मी हे बघत बसलो होतो. इतक्यात एका पोराची सुतळी ताणली. मोठा मासा लागावा तशी. पोरगं पाय रोवून ओढायला लागलं आणि वर आला तो चिखलाचा एक लांबट गोळा. पोराने तो पायरीवर दोनदा आपटला. चिखल गळून पडला आणि आतून वीतभर लांबीचा दांडा निघाला, टोकाला गोल डोकं.

"पाना है, बाऊजी," पोरगं माझ्याकडे बघून म्हणालं. अख्ख्या घाटावर त्या वस्तूकडे हावरट नजरेने बघणारा मी एकटाच होतो.

माझं सगळं आयुष्य बँकेत गेलं. बँकेत नट-बोल्ट फक्त खुर्चीला असतात, आणि ते ढिले झाले तर आवळायचे नसतात, खुर्ची बदलून मिळण्याचा अर्ज करायचा असतो. तरीही साठीला टेकलेल्या मराठी माणसाला जुनं अवजार दिसलं की त्याला काहीतरी होतं. काय होतं, त्याला वैद्यकात अजून नाव नाही. शंभरापासून सुरुवात झाली, मी पन्नास म्हणालो आणि ऐंशीला सौदा पटला. भंगाराच्या भावाने त्याचे वीसही आले नसते, हे मला मागाहून कळलं. मागाहून म्हणजे दहा मिनिटांनी, मामांकडून.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, वय चौऱ्याहत्तर. इथल्याच एका कापडगिरणीत फिटर होते. उज्जैनात एकेकाळी गिरण्यांचे भोंगे वाजत. त्यांतल्या एका गिरणीचं नाव तर विनोद मिल होतं. ती केव्हाच बंद पडली. ज्या गावात विनोदाची गिरणी चालू शकली नाही त्या गावाबद्दल मी विनोदी लेख लिहितो आहे, तेव्हा वाचकांनी अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात.

"किती दिलेस?" मामांनी विचारलं.

"ऐंशी."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नदीत टाकायला लोक एक रुपया देतात रे. नदीतून काढायला ऐंशी देणारा तू पहिला."

मग त्यांनी तो दांडा हातात घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा मामा जाऊन फिटर आला. "रॅचेट आहे. गोटी पान्याचा. अर्ध्या इंचाचा चौक." त्यांनी डोकं धरून फिरवायला बघितलं. उजवीकडे फिरेना, डावीकडे फिरेना. "जाम."

ज्यांच्या घरात पाना म्हणजे गॅसवाला विसरून गेलेली वस्तू, त्यांच्यासाठी सांगतो. नटावर टोपीसारखी बसते ती गोटी. गोटीच्या मागे चौकोनी भोक असतं, त्यात दांड्याचा चौकोनी खुंट बसतो. साध्या पान्याने नट आवळताना पाव फेरा झाला की पाना काढायचा, मागे न्यायचा, पुन्हा लावायचा. मोरीच्या नळाखाली किंवा स्कूटरच्या पोटात हात घातलेला असताना हे काढणं-घालणं म्हणजे नरक. रॅचेट काढावा लागत नाही. पुढे ढकलला की नट फिरतो, मागे आणला की नुसता कर्रर्र आवाज करत दांडा तेवढा मागे येतो, नट जागच्या जागी. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या वुडस्टॉक गावच्या जे. जे. रिचर्डसनला 16 जून 1863 रोजी याचं पेटंट मिळालं. तिकडे तेव्हा यादवी युद्ध ऐन भरात होतं. देश दुभंगलेला असताना हा गृहस्थ नटावरून पाना न उचलता कसं भागवावं याच्या चिंतेत होता. अशी माणसं प्रत्येक घरात एक असतात. आमच्या घरात त्या सकाळी दोन होती.

पान्याचं कूळ शोधायला मामांनी भिंग आणलं. दांड्यावरची इंग्रजी अक्षरं घासून गेली होती. एका बाजूला 'क्रोम व्हॅनेडियम'मधला क्रोम दिसत होता आणि दुसऱ्या बाजूला नावातली शेवटची दोनच अक्षरं शिल्लक होती, 'आय' आणि 'ए'.

"इंडिया," मी म्हणालो.

"किंवा टपारिया," मामा म्हणाले.

मुद्दा बिनतोड होता. नाशिकच्या टपारियांनी 1969 मध्ये स्वीडनच्या बाको कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने हत्यारं बनवायला सुरुवात केली, आणि आपल्या देशात ज्याच्याकडे पक्कड आहे त्याच्याकडे बहुधा त्यांची आहे. दुसरी शक्यता गेडोरची. हे नाव गिरणीत मामा देवासारखं घ्यायचे. ते आहे मूळ जर्मन. गेब्रुडर डोविडाट, रेमशाइड. म्हणजे रेमशाइड गावचे डोविडाट बंधू. त्यांनी 1919 मध्ये दुकान थाटलं आणि तिन्ही शब्दांची आद्याक्षरं जोडून नाव केलं. पुण्यात राहिल्यामुळे 'बंधू' म्हटलं की मला बाकरवडी आठवते, पण जर्मनीत बंधू पाने करतात. त्यांचा माल भारतातही बनायचा, त्यावर इंडिया लिहिलेलं असायचं. म्हणजे दोन अक्षरांवरून आमचा पाना नाशिककर की रेमशाइडकर हे ठरेना. मामांनी टपारिया धरून चालायचं ठरवलं. आपला माणूस पाण्यात सापडला तर बरं वाटतं.

"करू दुरुस्त," मामा म्हणाले.

हे वाक्य त्यांनी ज्या गांभीर्याने उच्चारलं त्याला इतिहास आहे. मराठी माणूस माळव्यात लढाया करत आला हे शाळेत शिकवतात. तो इथे आल्यावर दुरुस्त्या करत बसला हे कोणी शिकवत नाही. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं. हरसिद्धीच्या अंगणातले दोन दीपस्तंभ मराठी घडणीचे. सवाई जयसिंगाने बांधलेली वेधशाळा पडझडीला आली तेव्हा 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करून घेतली, आणि तिचे पहिले अधीक्षक झाले गोविंद सदाशिव आपटे. मामांना ही सगळी परंपरा पाठ आहे. फक्त तिची यादी सांगताना आपट्यांनंतर ते थेट स्वतःवर येतात.

दुरुस्तीला घासलेट लागतं. रेशनवर घासलेट मिळायचं त्या काळातली एक बाटली मामांनी माळ्यावर जपून ठेवली आहे, गंगाजलाच्या गडूच्या शेजारी. रात्रभर पाना घासलेटात बुडवून ठेवला. ज्या वाटीत बुडवला ती वाटी शिकरणाची होती, हे सकाळी सिद्ध झालं.

मामी फारसं बोलत नाहीत. त्यांनी वाटी, पाना, मामा आणि मी अशा चार वस्तूंकडे क्रमाने बघितलं. "जिथून आणलंय तिथे जाऊन काय ते करा," त्या म्हणाल्या. आम्ही निघालो तेव्हा दारातून आणखी एक वाक्य आलं. "आणि अहो, घासलेटचा एक थेंब जरी क्षिप्रेत गेला, तर दोघांनी जेवायला यायचं नाही."

म्हणून आम्ही घाटाच्या अगदी वरच्या बाजूला, पाण्यापासून लांब, एका चौथऱ्यावर बसलो. कालचं वर्तमानपत्र पसरलं. मध्ये वाटी, डावीकडे हातोडी आणि पेचकस, उजवीकडे जुना दातांचा ब्रश. मागच्या झाकणाला दोन स्क्रू होते आणि त्यांच्या खाचा सपाट होत आल्या होत्या. इथे मामांनी एक युक्ती सांगितली. ती कोणाला उपयोगी पडली तर या लेखाचे पैसे वसूल. गंजलेला स्क्रू एकदम सोडवायला जायचं नाही. पेचकस खाचेत रोवून डोक्यावर हातोडीचे दोन हलके टोले द्यायचे, मग स्क्रू आधी किंचित आवळायचा आणि नंतर सोडायचा. गंजाची पकड आवळताना तुटते. "माणसाचंही तसंच," मामा म्हणाले, पण पुढचं तत्त्वज्ञान निघायच्या आत स्क्रू निघाला.

झाकण उघडलं. आत झेंडूची पाकळी सापडली असं लिहायचा मोह होतो आहे, पण निघाला तो निव्वळ गाळ. काळा, वास मारणारा, नदीच्या पोटातला. तो खरवडल्यावर एक दातेरी चाक आणि चाकाला तोंड लावून बसलेला बोटाच्या पेराएवढा लोखंडी तुकडा दिसला.

"हा कुत्रा," मामा म्हणाले.

सायकलच्या फ्रीव्हीलमध्येही हेच असतात आणि तिथेही त्यांना कुत्रेच म्हणतात. एका बाजूने चाक फिरलं की कुत्रा दातांवरून टकटक घसरत जातो. उलटं फिरवलं की दातात तोंड घालून घट्ट धरतो, सोडत नाही. रॅचेटच्या कुत्र्याला दोन तोंडं असतात. मागची कळ डावीकडे केली की एक तोंड चावतं, उजवीकडे केली की दुसरं. या नावाला मी हसलो तर मामा रागावले. "या गावात कुत्र्याला हसू नकोस," म्हणाले आणि बोट दाखवलं. समोरच्या काठावर दत्त आखाडा. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे. तिकडे कालभैरवाचं वाहनही कुत्राच, आणि कालभैरवाला बशीतून दारूचा नैवेद्य दाखवतात. आम्ही आमचा कुत्रा घासलेटच्या वाटीत सोडला.

आता सुटे भाग कागदावर मांडले होते. दांडा, झाकण, दोन स्क्रू, चाक, कुत्रा. एकेक पुसून, ओळीत, प्रत्येकाखाली थोडा ओला काळा गाळ. एवढ्यात एक गुरुजी येऊन उभे राहिले. रामाने दशरथाचं श्राद्ध इथे केलं अशी कथा आहे, घाटाचं नाव त्यावरूनच पडलं म्हणतात, आणि इथल्या तीर्थपुरोहितांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळीच्या पोथ्या असतात. त्यांनी आमच्या कागदाकडे, वाटीकडे आणि मामांच्या गंभीर चेहऱ्याकडे बघितलं.

"किसका श्राद्ध है, यजमान?"

"रॅचेट का," मामा म्हणाले.

"गोत्र?"

"टपारिया."

गुरुजींचा चेहरा उजळला. "माहेश्वरी हैं?" त्यांनी विचारलं. मी ठसका लागल्याचं निमित्त करून पाठ फिरवली. मामांनी त्यांना खरं काय ते सांगितलं तेव्हा गुरुजी रागावले नाहीत. खाली बसले. त्यांच्या नातवाची सायकल मागे पेडल मारली की नुसतीच फिरते आणि पुढे मारली तरी नुसतीच फिरते, ते का, असं त्यांनी विचारलं. "कुत्रे घिस गये," मामांनी निदान केलं. त्यापुढे गुरुजी आमच्यातलेच झाले.

दात मोजायचं काम माझ्याकडे आलं. बँकेतला माणूस, मोजणी तेवढीच येते. चोवीस भरले. म्हणजे एका दातामागे पंधरा अंश. हे गणित करता करता मी थांबलो, कारण पृथ्वीसुद्धा तासाला पंधरा अंशच फिरते. चोवीस दात, चोवीस तास. महाकालाच्या गावात क्षिप्रेच्या तळातून निघालेला पाना दर टिकेला एक तास पुढे जात होता! मी हे उठून सांगितलं. गुरुजींनी हात जोडले. मामा म्हणाले, "जुन्या रॅचेटला चोवीसच असतात. नवे बहात्तरचे येतात. मग काय त्यात दिवस बहात्तर तासांचा होतो?"

पण मी हट्टाने हिशेब पुढे नेला. जुन्या भारतीय ज्योतिषात शून्य रेखावृत्त उज्जयिनीतून जायचं. ग्रीनिचला तो मान मिळाला 1884 मध्ये, म्हणजे कालपरवा. आज आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी अंशांवर आणि उज्जैन आहे पावणेशहात्तर अंशांच्या आसपास, म्हणजे इथला सूर्य सरकारी घड्याळापेक्षा सुमारे सत्तावीस मिनिटं मागे. आमच्या पान्याच्या भाषेत अर्धा दातसुद्धा नाही. वेधशाळेजवळ 2024 पासून वैदिक घड्याळ लागलं आहे, त्यात दिवसाचे तीस मुहूर्त असतात, प्रत्येकी अठ्ठेचाळीस मिनिटांचे. त्याच्या बरोबरीने चालायचं तर तीस दातांचा पाना हवा. "तुझी बँक तुला सोडायला तयार कशी झाली हे आता कळलं," मामा म्हणाले.

राहिली कळ. कळीच्या पोटात एक बारीक स्प्रिंग असते आणि स्प्रिंगच्या तोंडावर एक छर्रा. हा छर्रा कुत्र्याच्या पाठीला रेटा देऊन त्याला एका कुशीवर दाबून धरतो. सगळ्या यंत्राचा जीव त्या छऱ्यात. मामा म्हणाले, "कळ काढताना अंगठा दाबून धर बरं का, नाहीतर—"

हे त्यांनी अर्धा सेकंद उशिरा सांगितलं. सत्तावीस मिनिटांच्या हिशेबात ते काहीच नाही, पण छऱ्याला पुरलं. टण् असा आवाज झाला. मग टक्. मग खालच्या पायरीवर टक्. मग टक्, टक्, टक्. रामघाटाच्या पायऱ्या किती आहेत हे त्या दिवशी मी कानांनी मोजलं. शेवटचा आवाज झालाच नाही, एवढी बारीक वस्तू पाण्यात पडताना क्षिप्रा दखलही घेत नाही. स्प्रिंग कुठे गेली ते तर कळलंच नाही. ती जाताना काहीही बोलली नाही.

मामा मात्र बोलले. मराठीत बोलले, त्यामुळे तीर्थक्षेत्राचं पावित्र्य शाबूत राहिलं असतं. पण शेजारच्याच चौथऱ्यावर नाशिकहून आलेली एक सबंध बस बसली होती. त्यातल्या एका आजींनी नातवाचे कान झाकले.

मी कालच्या चुंबकवाल्या पोराला शोधून आणलं. त्याने आधी वीस रुपये घेतले. मग सुतळी सोडली, ओढली, सोडली, ओढली. एक रुपयाची तीन नाणी आली. एक सेफ्टी पिन आली. बाटलीचं बूच, घोड्याच्या नालेचा खिळा. छर्रा नाही. नाणी त्याने खिशात टाकली आणि बूच मला दिलं.

"तू त्याला लुटलंस की त्याने तुला?" मामांनी विचारलं. मला पीटर रॉबर्ट्सची गोष्ट आठवली. अमेरिकेत सीअर्स नावाच्या बड्या दुकानात कामाला असलेला हा अठरा वर्षांचा पोरगा. 1960 च्या दशकात त्याने रॅचेटला एक बटण बसवलं, दाबलं की गोटी एका हाताने सुटते. सीअर्सने फारसं काही नाही असं सांगत दहा हजार डॉलरवर हक्क घेतले आणि मग ते पाने ढिगाने विकले. पोराला उमगलं तेव्हा त्याने दावा लावला. 1969 मध्ये लावलेला दावा मिटला 1989 मध्ये. वीस वर्षं! हे वाचल्यापासून अमेरिकेबद्दल मला आपलेपणा वाटतो. ही गोष्ट मी मामांना ऐकवली. ते म्हणाले, "म्हणजे तुझ्यावरचा दावा निकाली लागेल तेव्हा मी चौऱ्याण्णव वर्षांचा असेन. साक्षीला येईन."

छर्रा वाहून जाईल ही आशा किंवा भीती नव्हती. क्षिप्रा स्वतःच्या बळावर बारमाही वाहणारी नदी राहिलेली नाही. 2014 पासून नर्मदेचं पाणी पंपांनी तीनशे मीटरहून जास्त उंच चढवून तिच्या उगमाजवळ सोडतात. चढवलेलं पाणी मागे घसरू नये म्हणून पंपाच्या वाटेवर एकमार्गी झडप असते. म्हणजे पाण्याचा कुत्राच तो. एवढा खटाटोप करून आलेल्या पाण्यात माझा छर्रा पडला होता आणि मी तो नर्मदेला पडला की क्षिप्रेला, या विचारात उभा होतो. शेवटी गुरुजींनी हात धरून मला नातवाच्या सायकलवाल्याकडे नेलं.

सायकलवाल्याने मापं तोंडपाठ सांगितली. फ्रीव्हीलला आठवा हिस्सा इंच, पुढच्या हबला तीन सोळांश, मागच्या हबला पाव. कळीच्या भोकात आठव्या हिश्शाचा बरोबर बसला. एकच हवा होता. "एक नहीं आता," तो म्हणाला, "दर्जन लो." बारा घेतले. स्प्रिंग मात्र त्याच्याकडे नव्हती.

घरी आल्यावर मी मामींच्या हिशेबाच्या वहीतलं टिकटिक पेन उघडलं. आत स्प्रिंग. ती पूर्ण घातली तर झाकण बसेना, इतकी लांब. मामांनी पकडीने कापत कापत पाच वेटोळी ठेवली. त्याआधी मी एक चूक करून पाहिली होती, बिनस्प्रिंगचं जुळवून बघितलं. तेव्हा पाना दोन्हीकडे फुकट फिरला. सकाळी कुठेच न फिरणारा, दुपारी दोन्हीकडे फिरणारा. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष माझं असंच गेलं होतं, म्हणून मला त्याच्याबद्दल माया वाटली. मग मी प्रेमाने त्याच्या पोटात ग्रीस भरायला लागलो, तर मामांनी डबा हिसकावला. "श्रीखंड भरतोयस का? ग्रीसमध्ये कुत्रा आळसावतो, वेळेवर दात धरत नाही." शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब, बस. झाकण लागलं, स्क्रू बसले. मामांनी फिरवला.

कर्रर्रर्र.

तो आवाज ज्याने अडकलेल्या वस्तूतून काढला आहे त्यालाच कळेल. मामांनी तो किमान चाळीस वेळा काढला. नंतर मी काढला. शेजारचे डोकावून गेले.

चाचणी झाली मामांच्या जुन्या स्कूटरच्या स्टेपनीवर. नट सोडवला, झकास सुटला. आवळायला गेलो आणि जोर लावताच कुत्रा दातावरून सुटला. माझी बोटं मडगार्डवर. मामांनी पुन्हा उघडलं (अंगठा दाबून), भिंगातून बघितलं आणि निकाल दिला. "आवळायच्या बाजूचं तोंड झिजलंय. याच्या मालकाने जन्मभर आवळलंच. सोडवायची बाजू बघ, कोरी करकरीत." कुत्रा दोन्ही अंगांनी सारखाच होता, त्यामुळे तो पालथा घालून बसवला की झिजलेलं तोंड सोडवायच्या बाजूला जाणार आणि कोरं आवळायच्या बाजूला येणार. दोन्ही बाजू एकदम मिळणार नव्हत्या. एक निवडायची.

यावर दीड तास वाद झाला. मामांचं म्हणणं, फिटरचं काम आवळायचं, सोडवतात ते भंगारवाले. माझं म्हणणं, आवळायला साधा पानाही चालतो, गंजलेला नट सोडवायलाच खरी ताकद लागते, तेव्हा कोरं तोंड तिकडे हवं. यांत्रिकदृष्ट्या माझं बरोबर होतं आणि हे मामांनी नंतर मान्यही केलं. पण तोवर स्वयंपाकघरातून मामी बाहेर आल्या होत्या. त्यांच्या हातात टिकटिक न होणारं पेन होतं.

"उघडता येतं हे दोघांनी दोन दिवस दाखवलंत," त्या म्हणाल्या. "आवळायची बाजू ठेवा."

कुत्रा पालथा घातला.

तो पाना आता मामांकडे आहे आणि फक्त आवळतो. गुरुजींच्या नातवाच्या सायकलला नवे कुत्रे बसले, शिकरणाच्या वाटीच्या जागी नवी वाटी आणली. वाचकांपैकी कोणी रामघाटावर गेलं, हातात चुंबक असलं, आणि पाण्यालगतच्या पायऱ्यांपाशी छर्रा लागला तर तो खुशाल ठेवून घ्या, माझ्याकडे अकरा आहेत. स्प्रिंग सापडली तर मात्र कळवा. मामी अजून टोपणाच्या पेनाने हिशेब लिहितात आणि मी गेलो की ते बिनस्प्रिंगचं पेन माझ्यासमोर ठेवतात.